ईपीपीपी परीक्षेसाठी अभ्यासाचे ॲप कसे निवडावे?

तुमची डॉक्टरेट पूर्ण झाली आहे, पर्यवेक्षणाखालील कामाचे तास सुरू आहेत आणि ईपीपीपीची, म्हणजे मानसशास्त्रज्ञाच्या परवान्यासाठीच्या परीक्षेची, तारीख घेण्यापूर्वी तुम्हाला ठरवायचे आहे की काहीशे डॉलरचे मोठे पॅकेज घ्यावे, की महिन्याच्या वर्गणीवर चालणारे फोनवरचे ॲप पुरेल. मी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन अमेरिकेत परवानाधारक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि माझ्या पर्यवेक्षणाखाली येणारे प्रशिक्षणार्थीही नेमके हेच विचारतात. त्यांना मी पहिला सल्ला देते तो असा की, कोणत्याही ॲपची मोफत चाचणी मिळाली की ज्या विषयात तुमचा हात सर्वांत पक्का आहे त्या विषयाचे पंधरा-वीस प्रश्न आधी सोडवून पाहा. बहुतेक जण उलट करतात. जो विषय कच्चा आहे तो उघडतात, तिथले सगळेच नवे वाटते, आणि नवे वाटते म्हणून ॲप चांगले वाटते. तुम्ही अनेक वर्षे न्यूरोसायकॉलॉजीत काम केले असेल, तर मेंदूविषयीच्या प्रश्नांत कुठे ढिसाळपणा आहे, कुठला पर्याय उगाच भरीला घातला आहे आणि कुठले स्पष्टीकरण अर्धवट सोडले आहे, हे तुमच्या चटकन ध्यानात येईल. तिथे ॲप घसरले, तर इतर विषयांत ते तुम्हाला काय शिकवील याचा अंदाज बांधता येतो.

ॲप परीक्षेला साजेसे आहे की नाही हे पाहायचे, तर परीक्षेचा साचा डोळ्यांसमोर हवा. ईपीपीपीच्या ज्ञानविषयक भागात २२५ प्रश्न असतात. त्यांपैकी १७५ गुणांसाठी धरले जातात आणि ५० प्रश्न केवळ आजमावून पाहण्यासाठी असतात; कोणता प्रश्न कोणत्या गटातला, हे परीक्षार्थीला कळत नाही. वेळ ४ तास १५ मिनिटे, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी ६८ सेकंद. अभ्यासक्रमाचे आठ विभाग आहेत: मूल्यमापन व निदान १६ टक्के, नीतिविषयक व कायदेशीर बाबी १६, उपचार व हस्तक्षेप १५, बोधनिक-भावनिक पाया १३, विकास १२, सामाजिक व सांस्कृतिक पाया ११, जैविक पाया १० आणि संशोधनपद्धती व संख्याशास्त्र ७. ॲपमधल्या प्रश्नांची विभागवार संख्या या प्रमाणाशी ताडून पाहा. संख्याशास्त्राच्या प्रश्नांचा डोंगर आणि नीतिविषयक प्रश्न मोजकेच, असे दिसले तर तो संच कोणी तरी आपल्या सोयीने जमवला आहे असे समजावे. उमेदवारही संख्याशास्त्राच्या धास्तीने त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात, आणि असे ॲप त्या धास्तीला खतपाणी घालते.

आता ज्या गोष्टीला मी सर्वाधिक महत्त्व देते त्याबद्दल, म्हणजे उत्तराखालच्या स्पष्टीकरणाबद्दल. एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा: तुमच्या माजी रुग्णाच्या सर्व नोंदी हजर करा, असा सबपीना (खटल्यात कागदपत्रे मागवणारी कायदेशीर नोटीस) विरुद्ध पक्षाच्या वकिलाकडून आला आहे, तुम्ही प्रथम काय कराल? पर्याय चार: नोंदी पाठवून द्याल, गोपनीयतेचा मुद्दा असल्याने दुर्लक्ष कराल, रुग्णाशी संपर्क साधून संमती विचाराल व ती न मिळाल्यास विशेषाधिकाराचा (उपचारातली माहिती न्यायालयात उघड न होऊ देण्याच्या हक्काचा) दावा कराल, किंवा नोंदींचा सारांश पाठवाल. सुमार ॲप हिरवी खूण दाखवते आणि खाली लिहिते, ‘तिसरा पर्याय बरोबर, कारण गोपनीयता जपणे हे मानसशास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे.’ हे वाक्य खोटे नाही, पण याच कारणाने दुसरा पर्यायही बरोबर ठरला असता. कसाचे ॲप सांगते की सबपीनाला प्रतिसाद देणे भागच असते, म्हणून दुर्लक्ष चुकीचे. विशेषाधिकार रुग्णाचा असतो, म्हणून तुम्ही परस्पर नोंदी देऊ शकत नाही. सारांश हाही माहितीचा खुलासाच आहे, तेव्हा तोही संमतीशिवाय नाही. आणि हाच कागद न्यायाधीशाच्या सहीचा आदेश असता तर गणित बदलले असते. या चौथ्या मुद्द्यामुळे पुढचा प्रश्न वेगळ्या शब्दांत आला तरी तुम्ही अडखळत नाही. ईपीपीपीत दोन पर्याय सहज खोडता येतात आणि खरी झुंज उरलेल्या दोघांत असते. म्हणून चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, हे प्रत्येकाचे वेगळे कारण देऊन न सांगणाऱ्या ॲपमध्ये प्रश्न कितीही हजार असले तरी ते मी सुचवत नाही.

मजकूर ताजा आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळते. निदानाच्या प्रश्नांत पाच अक्षांची जुनी पद्धत किंवा जीएएफचा (रुग्णाच्या एकूण कार्यक्षमतेचा) गुणांक आजच्या पद्धतीसारखा वापरलेला दिसला, तर तो मजकूर २०१३ मध्ये डीएसएम-५ ही मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका येण्यापूर्वीचा आहे. प्रदीर्घ शोक विकार शोधून पाहा. तो डीएसएम-५-टीआर या तिच्या सुधारित आवृत्तीत २०२२ साली आला आणि प्रौढांसाठी त्यात १२ महिन्यांची अट आहे. विस्क-पाच या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीत पाच मुख्य निर्देशांक आहेत. ॲप चारच सांगत असेल तर ते मागच्या आवृत्तीवर थांबले आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने लगेच स्पष्टीकरण लिहून देणारी सोयही काही ॲपमध्ये दिसते. तीही याच कसोट्यांवर घासून घ्या, कारण आत्मविश्वासाने लिहिलेले चुकीचे वाक्य परीक्षेच्या तोंडावर ओळखू येत नाही.

आपल्याच शास्त्राने स्मरणाविषयी जे दाखवून दिले आहे, ते ॲप निवडताना आपणच विसरतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिणारे पुढे गेले. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला, त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर राखून उजळणी करणे ही दोन तंत्रे सर्वांत उपयुक्त ठरली, तर अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या पायरीवर राहिले. तेव्हा ज्या पॅकेजचा मुख्य माल व्याख्यानांच्या चित्रफिती आणि जाडजूड पीडीएफ आहे, त्यात पैसे कशाचे जातात याचा विचार करा. चुकलेला प्रश्न काही दिवसांनी आपणहून पुढे आणणारे, विषयांची सरमिसळ करू देणारे आणि उत्तर निवडण्यापूर्वी पर्याय झाकता येतील असे ॲप मिळाले, तर ते साधे दिसत असले तरी कामाचे.

फ्लॅशकार्डसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. अंकी हे ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर मात्र ते विकत घ्यावे लागते. त्यात इतरांचे तयार संच घेण्यापेक्षा स्वतः चुकलेल्या प्रश्नांवरून स्वतःची कार्डे करावीत, आणि कार्ड व्याख्येकडून नव्हे तर लक्षणाकडून सुरू करावे. वाचाघात म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषेत येणारा दोष; त्याच्या एका प्रकाराबद्दल ‘वहन वाचाघात म्हणजे काय?’ असे न लिहिता ‘बोलणे ओघवते, आकलन बऱ्यापैकी शाबूत, पण ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणता येत नाही, कोणता वाचाघात?’ असे लिहावे, कारण परीक्षाही याच बाजूने विचारते. क्रॉस आणि हेल्म्स यांची वांशिक अस्मितेची प्रारूपे किंवा सुपर आणि हॉलंड यांचे व्यवसायनिवडीचे सिद्धान्त एकमेकांत मिसळतात, तिथे दोघांना एकाच कार्डावर समोरासमोर ठेवलेले बरे.

ॲप जे टक्के दाखवते त्यावर तारीख ठरवू नका. ईपीपीपीचा निकाल २०० ते ८०० च्या प्रमाणित मापावर लागतो आणि स्वतंत्र व्यवसायासाठी ५०० ही शिफारस केलेली उत्तीर्णतेची रेषा आहे. एखाद्या ॲपमधील ७२ किंवा ७८ टक्के या मापावर बसवण्याची सरळ वाट नाही. त्यातही तेच प्रश्न पुन्हा सोडवले की टक्के वाढतात, आणि त्यातला बराचसा भाग प्रश्न ओळखीचा झाल्याचा असतो. म्हणून पूर्ण लांबीचे, आधी न पाहिलेले दोन-तीन सराव संच अखेरच्या महिन्यासाठी राखून ठेवता येतात का, हे घेण्याआधी विचारा. हे संच फोनवर नव्हे, संगणकावर, एका बैठकीत सोडवावेत. रांगेत उभे असताना दहा प्रश्न सोडवणे उजळणीला उत्तम, पण दोनशेव्या प्रश्नावर शांतपणे विचार करण्याची सवय त्याने लागत नाही.

पैशांबद्दल. एकट्या परीक्षेचे शुल्क ६०० डॉलर आहे, केंद्राचे शुल्क वेगळे, आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त चार वेळा बसता येते. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. त्यामुळे तयारीवर काटकसर करताना अपयशाची किंमतही हिशेबात धरायला हवी. तरीही तुमच्या बाबतीत, नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास मिळत असतील आणि पदवीचे वाचन अजून ताजे असेल, तर चांगल्या स्पष्टीकरणांचे मासिक वर्गणीचे ॲप, सोबत अंकी आणि शेवटी पूर्ण लांबीचे सराव संच, एवढे पुरेसे आहे असे माझे मत आहे. महागडे पॅकेज मी त्यांना सुचवते ज्यांची पदवी होऊन बरीच वर्षे लोटली आहेत किंवा ज्यांना वेळापत्रक कोणी तरी आखून दिल्याशिवाय बसवत नाही. ‘उत्तीर्ण न झाल्यास पैसे परत’ अशी हमी दिसली तर तिच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा: सगळी व्याख्याने शंभर टक्के पाहिलेली असावीत, सराव परीक्षेत ठरावीक गुण मिळालेले असावेत, अशा अटी असतील तर अडचणीत आलेल्या उमेदवाराला ती हमी लागूच होत नाही.

वर्गणी घेण्याआधी तुमच्या राज्याच्या परवाना मंडळाचे पान उघडून पाहा. काही ठिकाणी ईपीपीपीचा कौशल्यांचा दुसरा भागही लागतो, आणि त्याची तयारी पहिल्या भागाच्या प्रश्नसंचांनी होत नाही. कॅलिफोर्नियात कायदा आणि नीतीची स्वतंत्र परीक्षा आहे, टेक्सासमध्ये ज्युरिसप्रुडन्सची, म्हणजे व्यवसायाला लागू असलेल्या कायद्यांची. तिथले प्रश्न त्या राज्याच्या कायद्यावर असतात, त्यामुळे त्यासाठी मंडळाने प्रसिद्ध केलेले कायदे आणि नियम मुळातून वाचणे हाच माझा सल्ला आहे, आणि ते वाचन ईपीपीपी आटोपल्यावर सुरू केले तरी चालते.