गुन्हा केलेला मनोरुग्ण हिंसक होणार, हे आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. 'रुग्णाने अचानक हल्ला केला' असं अहवालात वाचलं की माझं डोकं फिरतं.

सोलापुरात मानसोपचार वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. 2019 साली कोर्टाच्या आदेशाने एक कच्चा कैदी निरीक्षणासाठी आला. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, मराठी तोडकंमोडकं, मला 'अक्का' म्हणायचा. दोन रात्री झोप नाही. त्या सकाळी ताट आपटलं, ओरडला, हवालदाराला मारायची धमकी दिली. तेलुगूत एकच धोशा, आज मला नेणार. टॉवेल मुठीला गुंडाळायचा, सोडायचा. दुपारी ड्युटी संपवून ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला माहिती देताना, मी सगळं सांगितलं. इन्चार्ज म्हणाल्या, "पोलीस बसलेत ना, तुला कशाला काळजी?"

पर्स उचलून निघाले, तोच हवालदाराने बेडी दुसऱ्या हाताला लावायला किल्ली काढली. स्टीलचा पेला माझ्या भुवईवर बसला. चार टाके.

रुग्ण लवकरच हिंसक होईल का, हे ताडायला नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट यादी आहे. गोंधळ, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाणं, आदळआपट. प्रत्येकी एक गुण. दोनाच्या वर गेलं की पुढचे 24 तास जपायचं. माझ्या हिशेबाने त्याचे चार होत होते. एचसीआर-20 या हिंसेचा धोका तपासायच्या सविस्तर पद्धतीत जुना इतिहास, आत्ताची लक्षणं, पुढची परिस्थिती असं सगळं बघतात. ते डॉक्टरांचं काम. वॉर्डात आजची दुपार निभवायची असते.

त्या रात्री त्याला पट्ट्यांनी खाटेला बांधलं. सकाळी मनगटं सुजलेली. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 97 स्पष्ट आहे: समोर आलेला धोका टाळायला, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरतंच बांधायचं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. 'अचानक' लिहिलेल्या कागदावर मी सही केली नाही. त्यावरून वर्षभर बोलणी खाल्ली, पण आजही करणार नाही.

तुम्ही या कामात येत असाल तर एकटं जवळ जाऊ नका, दाराची वाट मोकळी ठेवा, बेडीला हात लावण्याआधी त्याला सांगा. आणि हो, बहुतेक मनोरुग्ण कुणावर हात उचलत नाहीत. दारू-नशेची जोड असेल तर मात्र धोका वाढतो.

तिसऱ्या दिवशी त्याची आई भेटायला आली. म्हणाली, "टॉवेल मुठीला गुंडाळला की घरात आम्ही बाजूला होतो." भरती करताना तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.