सर्व्हरची एक डिस्क गेलीय, पॅचही (सॉफ्टवेअरचे सुधारित अपडेट) रखडलेत. शनिवारच्या डाउनटाइममध्ये दोन्ही उरकू का?

नका. तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला उबुंटू (लिनक्स) सर्व्हर आहे, ४ टीबीच्या दोन डिस्कचं सॉफ्टवेअर रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) आहे आणि शनिवारी रात्री १० ते २ एवढाच वेळ मिळतोय. १५० एमबी प्रतिसेकंद वेग धरला तरी ४ टीबीच्या रिबिल्डला, म्हणजे उरलेल्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर उतरवायला, साडेसात तास लागतात, ते त्या वेळेत बसतच नाही. रिबिल्ड चालू सर्व्हरवर होतं, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळीच डिस्क बदला. हॉट-स्वॅप ट्रे (मशीन चालू असताना डिस्क काढता येईल असा) नसेल तर तेवढ्यापुरतं मशीन बंद करा.

त्याआधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर होऊन डेटाबेस उघडतो का, तेही बघा. रिबिल्डमध्ये उरलेली डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचली जाते, आणि बहुतेक वेळा ती गेलेल्या डिस्कच्याच वयाची असते. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या कमांडमध्ये करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा) शून्याच्या वर दिसला, तर बॅकअपची खात्री पटेपर्यंत रिबिल्ड सुरूच करू नका.

खरा घोळ होतो तो चांगली डिस्क ओढली गेल्याने. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात. चालू डिस्कचा सिरियल नंबर कागदावर लिहा, स्टिकरशी ताडून बघा, मगच हात लावा. नवी डिस्क जुनीपेक्षा थोडीही लहान नको. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांचा नकाशा) जुन्या डिस्कवरून नवीवर कॉपी करण्याआधी दिशा दोनदा तपासा, उलटी झाली तर संपलंच. एमडीएडीएम या रेडच्या कमांडने डिस्क जोडल्यावर तिच्यावर ग्रबही (मशीन बूट करणारा प्रोग्रॅम) टाका, नाहीतर उद्या जुनी गेली की मशीन बूटच होणार नाही.

झाकण उघडलंच आहे तर धूळ काढा, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, मोकळं गरगरलं तर बेअरिंग जातं. आणि खोलीत डेझर्ट कूलर असेल तर तो हलवा. मे महिन्यात नागपुरात मोह होतो खरा, पण ओली हवा आणि पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. एसीच हवा.

शनिवारी पॅचच्या आधी एकदा नुसतं रीबूट करा. मशीन तेव्हाच अडलं तर दोष पॅचचा नाही, हे कळतं. मग बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का पाहा, डेटाबेसचं पॅकेज होल्डवर टाका, म्हणजे ते अपग्रेड होणार नाही, आणि अपग्रेड टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा, कारण त्याच्याशिवाय मध्येच एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी दुरून जोडलेलं कनेक्शन, तुटलं तर पॅकेजं अर्धवट राहतात. कॉन्फिग फाइल बदलू का, असं विचारलं की जुनीच ठेवा. १ वाजेपर्यंत सेवा उभ्या राहिल्या नाहीत तर शोधाशोध थांबवून जुन्या कर्नलने (सिस्टिमचा गाभा) बूट करा, त्यानेही भागलं नाही तर बॅकअप. सोमवारचं पूर्ण कामकाज नीट पार पडेपर्यंत ऑटोरिमूव्ह (नको असलेली जुनी पॅकेजं काढणारी कमांड) चालवू नका.