तैवानी पद्धतीचं चिकन आणि भात घरी कसं करायचं?

पहिल्यांदाच करत असाल तर 'सान बेई जी' करा, म्हणजे 'तीन वाट्यांचं चिकन'. तिळाचं तेल, सोया सॉस आणि तांदळाची दारू या त्या तीन वाट्या. मूळ चीनमधल्या जिआंगशी प्रांतातलं, पण आज ओळखलं जातं तैवानचं म्हणून.

नावावर जाऊन खरंच वाटी वाटी ओतू नका, खारट आणि तेलकट होईल. अर्धा किलो हाडासकट चिकनला प्रत्येकी तीन-चार मोठे चमचे पुरतात. तेल मात्र भाजलेल्या तिळाचंच हवं. आपल्याकडचं फिकं तिळाचं तेल घेतलंत तर तो वासच येत नाही.

हे तेल मोठ्या आचेवर कडू होतं, म्हणून मंद आचेवर आल्याच्या दहा-बारा चकत्या कडा सुकून मुरडेपर्यंत परता. मग दहा-बारा अख्ख्या लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या आणि चिकन. रंग बदलला की सोया सॉस, दारू आणि चमचाभर साखर. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजवा, मग झाकण काढून रस आटवा. तुकड्यांवर काळपट चकाकी आली पाहिजे.

गॅस बंद करताना मूठभर थाई बेझिल घाला. तुळस नको, तिचा वास वेगळा. कुंडीत सब्जा असेल तर त्याची पानं चालतील, ती याच जातकुळीतली.

तैवानमध्ये भात आखूड दाण्याचा, किंचित चिकट असतो. बासमतीपेक्षा आपला इंद्रायणी त्याच्या जास्त जवळ जातो.