त्या ‘असो’पाशी थांब

ताई, आई ७४ वर्षांची आहे. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला. तीन वर्षांपूर्वी अठराव्या मजल्यावर राहायला आलो, पण आई अजून चाळीतच आहे. पहाटे चारला उठून बसते. नळावरची भांडणं, गिरणीचे भोंगे, दुसरा विषयच नाही. वडील गिरणीत होते, ती खानावळ चालवायची. तेव्हाचे मोठे टोप दिवाणाखाली कोंबलेत, भंगारात देऊ देत नाही. एक तेलकट वही आहे, दर रविवारी काढून बसते. असो. डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार नाही. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं, गेली नाही. तिला यातून बाहेर कसं काढू?
– थकलेली लेक

अगं, सगळं सविस्तर लिहिलंस आणि वहीला एक ओळ. वर लगेच ‘असो’. मी तिथेच अडले. त्या वहीत काय आहे, हे तू कधी विचारलंच नाहीस ना?

खानावळवालीची वही म्हणजे मेंबरांचा हिशेब. बायकामुलं कोकणात, घाटावर ठेवून आलेले कामगार, कोणाचे किती खाडे, कोणाकडून किती येणं. आई चारला उगाच उठत नाही. पहिल्या पाळीचे डबे करायला बायका त्याच वेळी स्टो पेटवायच्या. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पगार थांबला. भूक कुठे थांबते? तुझी आई तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेली. किती महिने उधारीवर वाढलं असेल तिने? पिठाचा डबा रिकामा झाल्यावर दारातल्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नका’ हे कुठल्या तोंडाने सांगितलं असेल? की सांगावं लागलंच नाही, माणसंच एकेक करून निरोप न घेता गावी निघून गेली? तो संप कधी रीतसर मागेसुद्धा घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. जे संपलं असं कुणी सांगतच नाही, त्याचं सुतक फिटणार कसं?

जुन्यात अडकलेलं माणूस बहुतेकदा एखाद्या पानावर अडकलेलं असतं. म्हातारपणी मागचं आयुष्य पुन्हा चाळणं हा भ्रमिष्टपणा नव्हे, मनाचं ते स्वाभाविक काम आहे, असं रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडलं. पण ऐकणारं कुणी नसलं की तेच आठवणं आतून पोखरतं. तुझी आई तीन वर्षं ते एकटीने करते आहे, शेजारच्या खोलीत तू असताना. तू थकली असशील, पण मला तुझा रागच आलाय. ज्या घरात बसून हे पत्र लिहिलंस, ते तिच्या चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालंय.

या रविवारी संघबिंघ काही नको. फोन आत ठेव. तिच्याजवळ जमिनीवर बस, वहीतल्या पहिल्या नावावर बोट ठेव आणि विचार, “आई, हा कोण गं?” ती गप्प राहिली तर तूही गप्प बस. रडली तर रडू दे, ‘जाऊ दे आता’ म्हणायचं नाही. पुढच्या रविवारी दुसरं नाव. आणि वही संपेपर्यंत टोपांना हात लावायचा नाही.