बाईंना विचारा : खिडकीतला कप

बाई, सप्रेम सलाम.
लग्नाला चार वर्षं झाली. आम्ही पिंपरीत सासूबाईंसोबत राहतो. सासूबाई पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचतात, एकही रविवार चुकवत नाहीत. पण घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंचा कप वेगळा आहे. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. परवा मी ताईंना आमच्याच कपात चहा दिला. सासूबाई त्यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत, नंतर मात्र ‘आईबापाचा मान राख’ ही आज्ञा ऐकवली. मी चुकले का?
— एक सून, पिंपरी

सूनबाई, सलाम.

तुझ्या पत्रातला कप मी ओळखते. माझ्याकडेही एक होता. पांढरा, निळ्या फुलांचा, बशी केव्हाच फुटलेली. साल १९८०च्या आसपासचं असेल. शाळेत मुलांना चांगल्या शोमरोन्याची (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या माणसाची, येशूने सांगितलेली) गोष्ट अगदी रंगवून सांगायची, आणि घरी येऊन त्याच कपात मोलकरणीचा चहा ओतायचा. कोणी विचारलं असतं तर ‘स्वच्छता’ म्हणाले असते. कोणी विचारलंच नाही.

मग नेवासा तालुक्यातल्या खेड्यातून आजी चार दिवस राहायला आली. खिडकीकडे बघून म्हणाली, “ह्यो कुणाचा गं?” मी सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि उठून तो कप विसळून आणला. चारही दिवस तिने चहा त्यातच घेतला. मी दुसरा पुढे केला की म्हणायची, “ऱ्हाऊ दे, मला ह्योच बरा.” माझी आजी महारवाड्यात वाढलेली. लहानपणी गावच्या विहिरीवर तिला घागर बुडवायची मुभा नव्हती. कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यायचं. हे तिने मला शंभरदा सांगितलं होतं. त्या चार दिवसांत एकदाही सांगितलं नाही. ती गेल्यावर मी तो कप फोडला नाही, नाटकं कशाला करायची? इतर कपांत ठेवून दिला. ज्याच्या हाताला लागेल त्याने घ्यावा.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेवर नगरच बसलंय) कितीतरी ख्रिस्ती घरांचा तीन-चार पिढ्यांमागचा इतिहास असाच आहे. म्हणून हा कप आपल्या खिडकीत दिसला की मला जास्त लागतं.

आता शास्त्राचं बोलू, कारण सासूबाईंनी शास्त्र काढलंय. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ. भर दुपारी येशू थकून याकोबाच्या विहिरीवर बसलाय. शोमरोनी बाई पाण्याला येते आणि तो म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते. तू यहूदी असून माझ्याकडे पाणी मागतोस? यहूद्यांचा शोमरोन्यांशी संबंध नसायचा, असा खुलासा तिथेच आहे. मूळ ग्रीक शब्दात ‘एकत्र वापरणं’ असा अर्थ आहे, म्हणून कित्येक अभ्यासक तिथे ‘एकमेकांची भांडी वापरत नाहीत’ असं वाचतात. पुढे ती बाई म्हणते, विहीर खोल आहे आणि तुमच्याजवळ पोहराही नाही. म्हणजे तो प्याला असता तर तिच्याच भांड्याने. आपले पाळक या अध्यायावर बोलताना घाईने येशू तिला देऊ करतो त्या ‘जिवंत पाण्याकडे’ जातात आणि तिची घागर विहिरीवरच राहून जाते. (येशूला शेवटी पाणी मिळालं की नाही, हे योहानाने लिहिलेलंच नाही. मला ते दरवेळी खटकतं.)

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याने तिला काही देण्याआधी तिच्याकडे मागितलं. आपण देण्यात पटाईत असतो. नाताळात करंज्यांचा डबा, जुनी साडी, मुलाला वह्या. तिच्या हातचं घ्यायची वेळ आली की आपली गाडी अडते.

मान राखायची आज्ञा खरीच, ती मोडू नकोस. पण मान राखणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय बघ. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसत होता. यरुशलेमेकडची माणसं आल्यावर भिऊन बाजूला झाला. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, तेही सगळ्यांसमोर. पेत्र केवढा मोठा माणूस! खुद्द प्रभूबरोबर हिंडलेला. आणि भांडण कशावरून? कोण कोणाबरोबर जेवतं यावरून.

तू मात्र सगळ्यांसमोर बोलू नकोस. दोन खोल्यांच्या घरात ते जमत नाही, आणि त्यात ताई भरडल्या जातील. तुमच्या वादात त्यांची नोकरी गेली तर तुझा विवेक शांत होईल, त्यांची चूल नाही. म्हणून उद्यापासून तो कान तुटलेला कप तू घे. चहा सगळ्यांना एकदम ओत. एखाद्या दिवशी ताईंना विचार, तुमच्या हातचा चहा पाजाल का? त्या नको म्हणाल्या तर आग्रह करू नकोस, त्यांनाही संकोच असतो. सासूबाई एकट्या असतील तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचा विषय काढ. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळातलं स्वतःचं सोवळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त जराही न लपवता लिहिलंय, वर स्वतःलाच हसल्यात. माझं तुझं ऐकणार नाहीत, पण लक्ष्मीबाईंपुढे नगरकडची कुठलीही सासू वाद घालणार नाही.

आणि एक विचारते, रागावू नकोस. ताईंना महिन्यातून पगारी सुट्ट्या किती? ठरलेल्या तारखेला पैसे हातात पडतात का? अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाने आपल्या पत्रात लिहिलंय. तुझ्या पत्रात कपाबद्दल सगळं आहे, याबद्दल एक ओळ नाही.

*

मी ख्रिस्ती नाही. सोसायटीतला एक गृहस्थ रोज माझ्या जागेवर गाडी लावतो. मित्र चिडवतो, “येशूसारखा दुसरा गाल पुढे कर!” खरंच तशी शिकवण आहे का?
— एक वाचक, सातारा

आहे. पण मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ‘उजव्या गालावर’ असं लिहिलंय. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारून बघा (मित्रावर नको, हवेत). हात उलटाच पडतो. ती हलक्या समजलेल्या माणसाला मारायची थप्पड, असा एक अर्थ लावतात. दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही, उलटून मारतही नाही. तो समोर उभा राहतो. खुद्द येशूला प्रमुख याजकासमोर एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने काय केलं? विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, नाहीतर मला का मारतोस? योहान, अध्याय अठरा.

तेव्हा आधी त्या गृहस्थांच्या दारावर जाऊन नीट विचारा. नाही ऐकलं तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पत्राच्या शेवटी टायरमधली हवा सोडायचा जो बेत लिहिलाय, तो तेवढा सोडा.