तडा भरला, पण हेलकावा थांबला का?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे: वेल्डिंग आणि तपासणीच्या कामातून निवृत्त झालेले अभियंता, मुक्काम बोईसर)

प्रश्न: ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचा हुक या हंगामात तीनदा वेल्ड करून घेतला. तिन्ही वेळा कारखान्याच्या वाटेवर तुटला, आणि तोही जुन्या वेल्डच्या शेजारीच. गावातला वेल्डर म्हणतो, लोखंड थकलंय. अणुवीज केंद्रातल्या पाइपांनाही असेच थकव्याचे तडे जातात, असं तुम्ही मागे लिहिलं होतं. तेही वेल्डच करतात ना? मग आमच्या हुकात आणि त्या पाइपात फरक काय? — भ. श., ता. कराड

उत्तर: भ. श., तुमचा वेल्डर खरं बोलतोय, पण अर्धंच. लोखंड थकतं म्हणजे म्हातारं होत नाही. एकदाच टाकलेलं ओझं हुक सहज पेलतो. तेच ओझं खड्ड्याखड्ड्याला ओढ-ढील, ओढ-ढील करत लाखभर वेळा आलं, की कुठल्यातरी कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते आणि पुढच्या प्रत्येक हिसक्याला किंचित सरकते. तो कोपरा बहुधा वेल्डच्या कडेला असतो. तिथे जाडी एकदम बदलते, शिवाय थंड होताना आकसलेल्या वेल्डची ओढ आधीपासून आत बसलेली असते.

पुढच्या वेळी तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका. रॉकेलने पुसून उन्हात धरा. एका बाजूला गुळगुळीत भाग दिसेल आणि त्यावर ओळीने कमानी, आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा. चीर जिथे थबकली त्या या खुणा. उरलेला भाग खडबडीत असेल, तो शेवटच्या खड्ड्यात एका दमात गेला. गुळगुळीत भाग जितका मोठा, तितकं दुखणं जुनं.

आता पाइप. अणुवीज केंद्रात या बाबतीत सगळ्यात जास्त छळतात ते पाऊण-एक इंची फाटे: ड्रेन, व्हेंट, गेजची लाइन. मोठ्या पाइपावर सॉकेट वेल्डने (म्हणजे खोबणीत घालून बाहेरून कडेने वेल्ड मारून) बसवलेला बारका फाटा, त्याच्या टोकाला लटकलेला जड व्हॉल्व्ह आणि शेजारी मिनिटाला १४८० फेऱ्यांचा पंप. म्हणजे सेकंदाला जवळपास २५ हेलकावे, दिवसाला २१ लाखांवर. कोटीचा आकडा पाच दिवसांत पार होतो. तुमच्या ट्रॉलीला तेवढे खड्डे मिळायचे नाहीत, रस्ता कितीही दिव्य असला तरी!

माझीच फजिती सांगतो. केंद्राचं नाव राहू द्या. असाच एक पाऊण इंची ड्रेन गळायला लागला. आम्ही लाल डाय, म्हणजे चिरेत मुरणारा रंग, लावली, दहा-पंधरा मिनिटं थांबलो, पुसली आणि मुरलेला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. आधी काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक गुलाबी टिंब, शेजारी दुसरं, आणि बघता बघता वेल्डच्या कडेने लाल रेघ, कुंकवाच्या काडीने ओढावी इतकी बारीक. ग्राइंडरने तेवढं खरवडलं, टिगने (आरगॉन वायूच्या आडोशात केलेल्या वेल्डिंगने) भरलं, वर पुन्हा डाय. स्वच्छ. कागदावर सही माझी.

एकोणिसाव्या दिवशी गळती परत. तिथेच.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. व्हॉल्व्ह हलतोय म्हणून भिंतीतून अँगल काढून तो आवळून टाकला. हात लावला तर व्हॉल्व्ह ढिम्म, मी खूश. पण मोठा पाइप गरम झाला की लांबतो, काही मिलिमीटर सरकतो, हे माझ्यासारख्या माणसाने विसरावं! पाइप सरकू बघतोय, व्हॉल्व्ह भिंतीला बांधलेला, आणि मधे तो बिचारा फाटा. महिन्याभरात तिसरा तडा.

तिसऱ्यांदा मात्र फाटा मुळापासून कापला. नवा बसवला तो निम्म्या लांबीचा, व्हॉल्व्हही हलका. सॉकेटच्या वेल्डचा पाय फाट्याच्या बाजूने दुप्पट लांब ठेवला, म्हणजे जाडी हळूहळू उतरते. आणि आधार दिला तो भिंतीचा नाही, त्या मोठ्या पाइपाचाच. दोघं हलायचे तर एकत्र हलतील. कंपनं मीटरने आधी मोजली, नंतर मोजली, मगच सही केली. मी निवृत्त होईपर्यंत तो वेल्ड टिकून होता.

तेव्हा फरक विचाराल तर वेल्डिंगमध्ये फारसा नाही, त्याच्या आधीच्या कामात आहे. लाइन रिकामी आणि कोरडी लागते, कारण थोडंसं पाणी राहिलं तरी वाफ होऊन वेल्डमध्ये छिद्रं पडतात. व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी झिरपत असेल, तर पाइपाभोवती जॅकेट बसवून उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन सोडतात आणि आतल्याच पाण्याचा बर्फाचा बूच तयार करतात. स्टेनलेस असेल तर आतूनही आरगॉन भरावा लागतो, नाहीतर वेल्डची मागची बाजू जळून काळी खरबरीत होते. तडा खरवडताना तो संपला असं डोळ्यांना वाटणं पुरत नाही. शेवटचं टोक आत राहिलं, तर आपण वरून फक्त झाकण घातलं.

शिवाय किरणोत्सर्गाचा हिशेब. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणोत्सर्गाचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. म्हणून वर्कशॉपमध्ये तसाच पाइप, तशाच अडचणीत बांधून वेल्डरकडून सराव करून घेतात. मागची बाजू दिसत नसेल तर आरशात बघून वेल्ड मारायचा. आमच्या त्या तिसऱ्या दुरुस्तीत सरावाला तीन दिवस गेले, जागेवरचं काम चाळीस मिनिटांत उरकलं.

तुमच्या हुकाचं म्हणाल, तर चौथ्यांदा भरू नका. नवा घ्या. आणि पिनेला ढील किती आहे ते आधी बघा, हिसका तिथून येतोय असा माझा संशय आहे.

प्रश्न: मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. पंप नाही, कंपन नाही, तरी थकव्याचा तडा जाऊ शकतो का? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: जातो, उष्णतेने. फ्रान्समधल्या सिव्हो इथली पहिली अणुभट्टी डिसेंबर १९९७मध्ये ग्रिडला जोडली गेली. १२ मे १९९८ रोजी भट्टी बंद असताना, उरलेली उष्णता काढून नेणाऱ्या पाइपाचा एक बाक फुटला. बाहेरून मोजलेला तडा सुमारे १८ सेंटिमीटर लांब होता आणि गळती तासाला ३० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. पाइप पाच महिन्यांपूर्वीचा, नवाकोरा!

झालं असं, की गरम आणि गार पाणी जिथे एकत्र येत होतं तिथे ते नीट मिसळत नव्हतं. पाइपाच्या आतल्या भिंतीला क्षणात गरम, क्षणात गार लागायचं. पृष्ठभाग पसरायला बघतो, आतली जाडी पसरू देत नाही, म्हणजे तीच ओढ-ढील. आतून बघितलं तर जुन्या चिनी मातीच्या बशीवर असतं तसं बारीक चिरांचं जाळं. असं जाळं वेल्डने भरणार कुठे कुठे? पाइपाचे ते भाग कापून बदलले, आणि त्या प्रकारच्या चारही भट्ट्यांमध्ये मिसळण्याच्या जागेची रचना सुधारली. परीक्षेत विचारलं, तर वेल्ड आतून घासून सपाट करण्याचा मुद्दा लिहायला विसरू नकोस. उंचवटा राहिला की चीर तिथून सुरू होते.

प्रश्न: नरोऱ्याची आग एका तड्यामुळे लागली, हे खरं का? — निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर: होय सर, पण अणुभट्टीतल्या नव्हे, टर्बाइनमधल्या. ३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनच्या शेवटच्या ओळीतली दोन पाती थकव्याने मुळाशी तुटली. तोल गेलेलं टर्बाइन इतकं हादरलं की जनित्राची सील गेली, आत थंडाव्यासाठी भरलेला हायड्रोजन बाहेर येऊन पेटला आणि केबली जळाल्या. युनिट १७ तास विजेविना होतं. भट्टी लगेच बंद केली होती, तरी पुन्हा धग धरू नये म्हणून माणसं बॅटरीच्या उजेडात वर चढली आणि बोरॉनचं पाणी हाताने सोडलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

पाती वेल्ड करत नाहीत, बदलतात. इथे तर पात्याची रचनाच बदलली. त्यानंतर मी जितकी टर्बाइनं उघडलेली पाहिली, त्या प्रत्येकात कुणीतरी शेवटच्या ओळीसमोर स्टुलावर बसून एकेका पात्याचं मूळ तपासत असायचं. कंटाळवाणं काम, मान धरते, आणि मधे चहाला उठलं की मोजणी चुकते.