मिक्श्चर लीन केलं की ईजीटी चढतो. इंजिन जळेल का?

छोट्या पिस्टन विमानात क्रूझमध्ये (सरळ, समतल उड्डाणात) मिक्श्चरचा लाल नॉब मागे ओढून लीन केलं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी केलं, की ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) चढतो, म्हणून तुम्ही मिक्श्चर कायम फुल रिच (पेट्रोल पूर्ण) ठेवता, असं लिहिलंय. शिकत असताना मीही तेच करायचो. मग स्पार्क प्लग काढले, तर खालच्या प्लगांत शिशाचे राखाडी मणी अडकलेले! 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं. वर हवा विरळ होते, पेट्रोल तेवढंच येत राहतं, आणि ज्वलन नीट झालं नाही की शिसं आतच साचतं.

ईजीटीच्या आकड्याला घाबरू नका. प्रोब दोन इंच इकडेतिकडे असला तरी तो बदलतो. जपायचं ते सिलिंडर हेडला, म्हणजे त्याच्या तापमानाला, सीएचटीला. अनेक लायकॉमिंग इंजिनांत त्याची कमाल मर्यादा 500 अंश फॅरनहाइट असते. मी मात्र 400 दिसलं की सावध होतो. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा जोर कमी होत जातो.

खरी मेख पुढे आहे. सीएचटी सगळ्यात जास्त कुठे असतो? लीन करत गेलं की ईजीटी एका शिखरापर्यंत चढतो आणि मग उतरतो; त्या शिखरावर नाही, तर त्याच्या साधारण 40-50 अंश फॅरनहाइट रिच बाजूला, म्हणजे शिखर येण्याआधी. म्हणजे जास्त पॉवरवर भीतभीत 'थोडंसंच' लीन करणारा नेमका सगळ्यात तापलेल्या जागी जाऊन बसतो. टेकऑफला फुल रिच ठेवतात ते यासाठीच (धावपट्टी उंचावर असेल तर मॅन्युअल सांगेल तसं). जादा पेट्रोलमुळे ज्वलन मंदावतं, दाबाचं शिखर उशिरा येतं.

एकदा चढताना एका सिलिंडरचा सीएचटी 410 झाला. माझा हात लाल नॉबकडे गेला, तर इन्स्ट्रक्टरनं त्यावर आपला तळवा ठेवला आणि दुसऱ्या हातानं योक जरासा पुढे ढकलला. नाक खाली आलं, वेग वाढला, काउलिंगमधून (इंजिनाच्या आवरणातून) हवा खेळली. दोन-तीन मिनिटांत 385.

क्रूझमध्ये पॉवर 75 टक्क्यांखाली आणा. प्रोपेलर फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) असेल तर नॉब हळूहळू ओढा: आरपीएम किंचित वाढेल, मग उतरेल, इंजिन थरथरेल. तिथून ते गुळगुळीत चालेपर्यंत पुढे सरकवा. ईजीटीच्या शिखरापलीकडे लीन चालवायचा मोह कार्ब्युरेटरवाल्यांनी सहसा टाळावा; सगळ्या सिलिंडरना सारखं पेट्रोल मिळत नाही. उतरताना टप्प्याटप्प्यानं रिच करत या.

जमिनीवर टॅक्सी करतानाही (विमान चालवत नेताना) लीन करा, पण अर्धवट नको. इतकं ओढा की चुकून तसंच टेकऑफला थ्रॉटल दिलं तर इंजिन खोकून बंदच पडायला आलं पाहिजे.